कंडेन्सर बदलले तरी हमिंग जात नाही: जुना टेप आणि मिक्सर स्टुडिओत जोडताना

तक्रार ठरलेल्या वळणाची असते. जुना स्पूल टेप किंवा मिक्सर आणला, साफ केला, पॉवर सप्लायचे सगळे कंडेन्सर बदलले, हेडफोन लावून ऐकलं तर आवाज स्वच्छ. मग तोच टेप स्टुडिओतल्या इंटरफेसला (आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणाऱ्या पेटीला) जोडला आणि घूं सुरू. याहून तापदायक प्रकार म्हणजे आठवडाभर काही नाही, एखाद्या संध्याकाळी अचानक हमिंग आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गायब. मग परत कंडेन्सर बदलले जातात, आठ दिवस बरे जातात, आणि परत पहिले पाढे पंचावन्न.

हमिंग या एका नावाखाली निदान चार वेगळे बिघाड मोडतात. कानाला ते जवळजवळ सारखेच लागतात, पण कंडेन्सर बदलून त्यांतला एकच जातो. म्हणून आधी ऐका, मग मोजा, आणि सोल्डरिंग आयर्न शेवटी तापवा.

उघडलेलं यंत्र पहिल्यांदा चालू करताना सिरीज बोर्ड वापरा: फेजच्या वायरीत १०० वॅटचा फिलामेंटचा बल्ब सिरीजमध्ये. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, भगभगीत पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे. एलईडी बल्ब इथे कामाचा नाही. बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये चार्ज राहतो. ट्रान्झिस्टरच्या यंत्रात १ किलोओहम ५ वॅटचा रेझिस्टर दहा-पंधरा सेकंद लावून तो उतरवा, व्हॉल्व्हच्या यंत्रात १० किलोओहम १० वॅटचा. मग मीटर लावून खात्री करा. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी काढून चार्ज उतरवायची जुनी सवय सोडलेली बरी.

आधी सूर ओळखा

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. ती जशीच्या तशी सिग्नलमध्ये शिरली तर ५० हर्ट्झ ऐकू येतं. ब्रिज रेक्टिफायर मात्र लाटेचे दोन्ही अर्धे भाग एका बाजूला वळवतो, त्यामुळे पॉवर सप्लायचा रिपल, म्हणजे डीसीवर उरलेली लाट, १०० हर्ट्झचा असतो. सगळं निदान या एका फरकावर उभं आहे.

पंचाईत अशी की दोन्ही सूर एकच. पेटीवर पांढरी पाच धरा: खालची पांढरी पाच ४९ हर्ट्झ, तिच्या वरच्या सप्तकातली ९८. म्हणजे ५० आणि १०० दोन्ही पांढऱ्या पाचपेक्षा किंचित चढे, फक्त सप्तक वेगळं. त्यात लहान मॉनिटर स्पीकर ५० हर्ट्झ धडपणे वाजवतच नाहीत, त्याचे वरचे स्वरांश तेवढे ऐकवतात. कान कितीही तयार असला तरी इथे फसतो. तेव्हा तीस सेकंद रेकॉर्ड करा, ऑडॅसिटीत ‘प्लॉट स्पेक्ट्रम’ उघडा आणि साइझ ६५५३६ ठेवा. ४८ किलोहर्ट्झवर एकेक पायरी पाऊण हर्ट्झच्याही आत येते, त्यामुळे कोणतं शिखर कुठे आहे ते स्पष्ट दिसतं.

१०० चं शिखर सर्वांत उंच, मागे २००, ३००, ४०० अशी उतरंड: पॉवर सप्लाय. ५० चं शिखर एकटं, गोल, आवाज मऊ: ट्रान्सफॉर्मर किंवा मोटरचं चुंबकीय क्षेत्र. ५०, १५०, २५० असे विषम गुणक ठळक: बहुधा अर्थचा वळसा, म्हणजे दोन यंत्रांच्या अर्थिंगमधून झालेला बंद फेरा. आणि कित्येक किलोहर्ट्झपर्यंत दात्यांसारखी रांग, आवाज करकरीत: डिमर, इन्व्हर्टर किंवा स्विचिंगचा चार्जर.

एक अपवाद लक्षात ठेवा. ब्रिजमधला एक डायोड ओपन झाला की तो हाफ-वेव्ह होतो, म्हणजे लाटेचा एकच अर्धा भाग घेतो, आणि बिघाड पॉवर सप्लायचा असूनही रिपल ५० हर्ट्झचा येतो. मीटरच्या डायोड रेंजवर चारही डायोड एका दिशेने ०.५ ते ०.७ व्होल्ट दाखवायला हवेत. जुन्या व्हॉल्व्ह सेटमध्ये मुळातच एकच डायोड असेल तर तिथे ५० हर्ट्झ रिपल हीच रीत.

कुठून येतंय ते मागून पुढे शोधा

शोध स्पीकरकडून सुरू करायचा, टेपकडून नाही. दोन आरसीए प्लग घ्या, त्यांची मधली पिन बाहेरच्या कड्याला सोल्डर करा. हे तुमचे शॉर्टिंग प्लग. किरकोळ किमतीची वस्तू, पण हिच्याइतकं काम महागडं मीटरही करत नाही.

अँप्लिफायरच्या किंवा इंटरफेसच्या इनपुटला ते लावा. हमिंग राहिलं तर दोष तिथेच, मागचं काही तपासायची गरज नाही. गेलं तर मिक्सर जोडा आणि शॉर्टिंग प्लग मिक्सरच्या इनपुटला लावा. मग टेप जोडा, पण त्याची वायर भिंतीतून काढून ठेवा, नुसतीच ऑडिओ केबल जोडलेली. मग वायर लावा, स्विच बंद. मग स्विच चालू, मोटर बंद. मग मोटर चालू. प्रत्येक पायरीला दहा सेकंद रेकॉर्ड करून ठेवा. ज्या पायरीला शिखर उसळतं तिथे कारण. टेप बंद असतानाही नुसती त्याची तीन पिनची वायर सॉकेटात गेल्यावर हमिंग सुरू होत असेल, तर टेपच्या कंडेन्सरना हात लावू नका. ते निर्दोष आहेत.

व्हॉल्यूमही साक्ष देतो. नॉब शून्यावर आणला तरी हमिंग तेवढंच राहत असेल तर दोष नॉबच्या पुढे आहे. नॉबबरोबर कमीजास्त होत असेल तर मागे.

संध्याकाळी येणारं, सकाळी जाणारं

सगळ्यांत जास्त वेळ खाणारा प्रकार हाच, कारण कारागीर बघायला येतो तेव्हा यंत्र शहाण्यासारखं वागतं.

आकडे धरून बघू. समजा सप्लायला रेक्टिफायरनंतर ३२ व्होल्ट शिखर मिळतं, रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) २४ व्होल्टचा आहे, करंट अर्धा अँपिअर आणि फिल्टर कंडेन्सर २२०० मायक्रोफॅरडचा. दोन शिखरांमधल्या १० मिलिसेकंदांत कंडेन्सर साधारण २ ते सव्वादोन व्होल्ट उतरतो. म्हणजे दरी ३० व्होल्टच्या आसपास. रेग्युलेटरला आपल्या २४ च्या वर दोनेक व्होल्ट लागतात, म्हणजे २६. भरपूर जागा आहे, आवाज स्वच्छ.

आता कंडेन्सर सुकत सुकत १५०० वर आला. उतार ३.३ व्होल्ट, दरी २८.७. अजूनही काही ऐकू येत नाही. पण संध्याकाळी सात वाजता लाइन २३० वरून २०५ ला उतरली की शिखर २८.५ होतं आणि दरी २५.२. रेग्युलेटर सेकंदाला शंभर वेळा क्षणभर हात टेकतो, आणि तेच हमिंग. सकाळी लाइन परत २३० ला येते आणि सगळं ठीक होतं.

म्हणून मोजमाप संध्याकाळीच करा. भिंतीवरचा व्होल्टेज टिपून ठेवा, मग रेग्युलेटरच्या आधी आणि नंतर एसी मिलीव्होल्ट मोजा. रेग्युलेटरनंतर ५ मिलीव्होल्टच्या आत असेल तर सप्लाय सुटला. स्वस्त पिवळ्या मीटरची एसीची सर्वांत खालची रेंज २०० व्होल्टची असते, त्यावर हे दिसणार नाही. मिलीव्होल्ट दाखवणारा मीटर असला तरी प्रोब उलटे करून परत मोजा. एका बाजूने शून्य आणि दुसऱ्या बाजूने दुप्पट आलं तर मीटर डीसी अडवत नाही. लाल प्रोबला १ मायक्रोफॅरडचा फिल्म कंडेन्सर सिरीजमध्ये जोडा.

उपाय दोन, आणि क्रम महत्त्वाचा. आधी यंत्रामागचा व्होल्टेज सिलेक्टर बघा. जुन्या युरोपियन यंत्रांना, १९६७ सालच्या रेव्हॉक्स ए७७ ला सुद्धा, २२० आणि २४० अशा वेगळ्या जागा आहेत. तुमच्याकडे दिवसभर २३५-२४५ असेल तर सिलेक्टर २४० वरच हवा, नाहीतर ट्रान्सफॉर्मर आणि मोटर तापतात. पण लाइन संध्याकाळी २१० च्या खाली जात असेल तर २४० वर ठेवलेलं यंत्र उपाशी राहतं. तिथे सिलेक्टर २२० ला घेण्यापेक्षा स्टॅबिलायझर बरा, कारण रात्री दोन वाजता तीच लाइन २४५ ला जाते. रिलेचा स्टॅबिलायझर टप्पा बदलताना टक् करतो आणि तो टक् रेकॉर्डिंगमध्ये उतरतो, तेव्हा सर्व्होचा घ्या.

मग कंडेन्सर. तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, फार तर दीडपट, व्होल्टेज तेवढंच किंवा एक पायरी वर, १०५ डिग्रीचा. २२०० च्या जागी १०,००० टाकण्याचा मोह आवरा. रिपल कमी होईल, पण तो कंडेन्सर दर १० मिलिसेकंदांनी आणखी कमी वेळात जास्त करंट ओढेल, आणि त्या झटक्याचं काय होतं ते पुढच्या भागात. लॅमिंग्टन रोड असो की पुण्याची तपकीर गल्ली, मोठ्या डब्यात छोटा कंडेन्सर भरलेला नकली माल सगळीकडे मिळतो. बसवण्याआधी प्रत्येक नग मीटरवर तपासा आणि हातात तोलून बघा. त्याच आकाराच्या जुन्या नगापेक्षा नवा फारच हलका लागला तर परत करा.

मेनच्या बाजूला पिवळसर पारदर्शक कवचाचे कागदी कंडेन्सर दिसले, ज्यांना सगळे ‘रिफा’ म्हणतात, तर हमिंगशी संबंध नसला तरी ते आत्ताच काढा. त्यांचं कवच तडकतं, आत ओल शिरते, आणि कोकणातल्या पावसाळ्यात ते धूर काढल्याशिवाय राहत नाहीत. त्यांच्या जागी फेज-न्यूट्रलमध्ये एक्स२ वर्गाचा, फेज किंवा न्यूट्रल आणि चासीमध्ये (यंत्राच्या पत्र्याच्या सांगाड्यात) वाय२ वर्गाचा. इथे साधा फिल्म कंडेन्सर चालत नाही. वाय वर्गाचा नग निकामी होतो तेव्हा ओपन होतो, साधा शॉर्ट होतो, आणि मग चासीला फेज येतो.

कंडेन्सर बदलल्यावर वाढलेलं हमिंग

नवे कंडेन्सर, सगळे मीटरवर पास, आणि हमिंग आधीपेक्षा जास्त! दोष बहुतेक वेळा ग्राउंडची वायर कुठे लावली त्यात असतो.

फिल्टर कंडेन्सरला करंट सरळ धारेने मिळत नाही. लाटेच्या शिखराजवळ दोनेक मिलिसेकंद तो गपकन भरतो. सरासरी अर्धा अँपिअर असला तरी त्या क्षणी ३ अँपिअर सहज वाहतात. हा झटका ट्रान्सफॉर्मरच्या सेंटर टॅपपासून (गुंडाळीच्या मधल्या टोकापासून) कंडेन्सरच्या मायनसपर्यंतच्या वायरीतून जातो. अर्ध्या स्क्वेअर मिलिमीटरच्या तांब्याच्या १० सेंटिमीटर वायरीचा रोध साडेतीन मिलीओहमच्या आसपास. तीन अँपिअरला त्यावर १० मिलीव्होल्ट उमटतात. प्लेबॅक हेडचा सिग्नल मिलीव्होल्टच्या आसपासचा. आता प्रीअँपचं ग्राउंड त्याच वायरीवर मध्येच कुठे जोडलं, तर सिग्नलच्या कितीतरी पट मोठा १०० हर्ट्झ तुम्ही स्वतःच त्यात मिसळलात. हे कोणत्याही कंडेन्सरने जाणार नाही.

जोडणी अशी हवी: सेंटर टॅपची वायर थेट कंडेन्सरच्या मायनस टॅगवर. तिथून पुढे, त्या टॅगच्या दुसऱ्या अंगाने, एकच वायर ग्राउंडच्या मुख्य बिंदूला. प्रीअँप, आउटपुट, चासी सगळे त्या बिंदूला. जुना मोठा डबा काढून त्याजागी पीसीबीचा नवा, लहान कंडेन्सर लावताना हेच बिघडतं. जुन्या डब्याला मायनसचे दोन-तीन टॅग होते आणि कंपनीने प्रत्येकावर वेगळी वायर ठरवून लावलेली होती. नव्याला एकच पाय. कारागीर सगळ्या वायरी एकत्र पिळून त्या पायाला डाग देतो. काढण्याआधी मोबाइलवर चार बाजूंनी फोटो घ्या आणि कोणत्या टॅगवर कोणत्या रंगाची वायर होती ते कागदावर लिहा.

चासीचा स्क्रूसुद्धा बघा. ग्राउंडचा लग, त्याखाली दातेरी वॉशर, त्याखाली रंग लावलेला पत्रा. चाळीस-पन्नास वर्षांत वॉशरच्या दातांभोवती तपकिरी कडा धरते आणि त्या जोडाचा रोध मिलीओहमऐवजी दशांश ओहमात जातो. स्क्रू नुसता आवळला की हमिंग जातं, आणि दोन महिन्यांनी परत येतं. लग पूर्ण काढा, पत्र्यावरचा रंग आणि गंज बारीक एमरीने चकचकीत होईपर्यंत काढा, नवा दातेरी वॉशर टाका, मग आवळा. पीसीबीचं ग्राउंड रिबिटांवरून चासीला गेलं असेल तर त्या रिबिटांवर भरवसा ठेवू नका. शेजारून एक वायर सोल्डर करा.

आरसीए सॉकेट बदलले असतील तर त्यांच्याखाली फायबरचे वॉशर आहेत का पाहा. मूळ सॉकेट चासीपासून अलग होते. वॉशर हरवला की सॉकेटचं कडं पत्र्याला टेकतं आणि ग्राउंडला दुसरी वाट मिळते. सप्लाय बंद, केबल काढलेल्या, ग्राउंडची वायर सॉकेटवरून सोडवलेली: आता कडं आणि चासी यांत मीटर बीप करायला नको.

दोन अर्थ, एक वळसा

मिक्सर एका भिंतीच्या सॉकेटावर, कॉम्प्युटर दुसऱ्या भिंतीच्या. दोघांना तीन पिनचे प्लग. दोन्ही अर्थ मुख्य बोर्डात एकत्र येतात, आणि इकडे ऑडिओ केबलच्या शील्डमधूनही (बाहेरच्या जाळीतूनही) ते एकत्र आले. मोठा फेरा झाला. वाटेतल्या ट्रान्सफॉर्मरचं क्षेत्र आणि इतर यंत्रांची गळती त्यात करंट फिरवतात.

किती, ते बघा. शील्डमधून २० मिलीअँपिअर जातात आणि केबल-कनेक्टर मिळून रोध ०.१ ओहम, तर २ मिलीव्होल्ट हमिंग. अनबॅलन्स्ड केबलमध्ये शील्ड हीच सिग्नलची परतीची वाट, त्यामुळे ते २ मिलीव्होल्ट सरळ सिग्नलमध्ये. घरगुती टेपचा नेहमीचा सिग्नल ३१६ मिलीव्होल्टचा. म्हणजे हमिंग सिग्नलपेक्षा जेमतेम ४४ डेसिबल खाली. तानपुऱ्याचं आसमध्ये विरणं ऐकायला बसलात की ते स्पष्ट लागतं.

यावर सगळ्यात प्रचलित उपाय म्हणजे प्लगची जाड पिन तोडणं. कृपा करून करू नका. त्या यंत्राच्या आत फेज चासीला लागला तर पुढची वाट तुमच्या ऑडिओ केबलची शील्ड, आणि माइक धरलेल्या गायकाचे ओठ.

घरच्या अर्थिंगची खात्री आधी करून घ्या. फेज-अर्थ २३० च्या आसपास आणि न्यूट्रल-अर्थ २-३ व्होल्टच्या आत, इतपत मीटरवर दिसायला हवं. मात्र मीटर करंट ओढत नाही, त्यामुळे गंजक्या अर्थवरही तो २३० दाखवतो. लोड टाकून तपासणी वायरमनकडूनच करून घ्या. मग ऑडिओचं सगळं सामान, कॉम्प्युटरसकट, एकाच सॉकेटावरच्या एकाच बोर्डावर आणा. टेप, मिक्सर, मॉनिटर, इंटरफेस मिळून बहुतेक छोट्या स्टुडिओचा भार ७००-८०० वॅटच्या आत राहतो. ६ अँपिअरच्या सॉकेटाची ताकद १३८० वॅट. एसी आणि फ्रिज मात्र वेगळ्या लाइनवर. एवढ्याने निम्म्याहून अधिक वळसे संपतात, कारण अर्थच्या दोन टोकांमधलं अंतरच राहत नाही.

उरलेलं केबलने जातं. टेपचं आउटपुट अनबॅलन्स्ड आणि इंटरफेसचं इनपुट बॅलन्स्ड असेल तर साधी आरसीए केबल अडॅप्टर लावून वापरू नका. दोन कोरची शील्डेड माइक केबल घ्या. एक्सएलआरच्या बाजूला लाल कोर पिन २, काळी कोर पिन ३, शील्ड पिन १. आरसीएच्या बाजूला लाल कोर मधल्या पिनेला, काळी कोर आणि शील्ड दोन्ही कड्याला. आता अर्थचा करंट शील्डमधून जातो, काळी कोर त्यापासून मोकळी राहते, आणि इनपुट लाल आणि काळ्या कोरमधला फरक तेवढा घेतं. केबलचा खर्च तेवढाच, फायदा वीस-तीस डेसिबलचा.

युरोपियन टेपला पाच पिनचं डिन सॉकेट असेल तर पिन २ ग्राउंड, ३ आणि ५ प्लेबॅकचे डावा-उजवा, १ आणि ४ रेकॉर्डचे. बाजारातल्या तयार डिन-आरसीए केबल कधी १-४ वर तर कधी ३-५ वर बांधलेल्या असतात. चुकीची मिळाली तर नुसतं हमिंग आणि सिग्नल शून्य.

एवढं करूनही जात नसेल तर १:१ चा लाइन ट्रान्सफॉर्मर, १० किलोओहम : १० किलोओहम. तो ग्राउंड तोडतो आणि सिग्नल जाऊ देतो. स्वस्त ६०० ओहमचे छोटे ट्रान्सफॉर्मर पखवाजाच्या धुमाळीला फाटतात. ते नको.

जुन्या मिक्सरला बॅलन्स्ड केबल लावूनही हमिंग येत असेल तर पिन १ चा दोष बघा. नील मन्सी यांनी १९९५ साली हा सविस्तर मांडला, तेव्हापासून तो ‘पिन १’ याच नावाने ओळखला जातो. पिन १ सॉकेटापाशीच चासीला जायला हवी. बऱ्याच मिक्सरमध्ये ती पीसीबीवरून सिग्नलच्या ग्राउंडमधून फिरून चासीला जाते, आणि शील्डवर आलेली सगळी घाण प्रीअँपमध्ये नेते. तपासणी सोपी. १२ व्होल्ट एसीचा छोटा ट्रान्सफॉर्मर, सिरीजमध्ये १२० ओहम ५ वॅटचा रेझिस्टर: १०० मिलीअँपिअर मिळतात. एक टोक पिन १ ला, दुसरं चासीला, आणि हेडफोन. चांगल्या मिक्सरमध्ये काहीच ऐकू येत नाही. घूं आलं तर त्या सॉकेटाची पिन १ ची ट्रॅक कापा आणि तिथून चासीला आखूड, जाड वायर सोल्डर करा. चोवीस चॅनेलचा मिक्सर असेल तर एक रविवार जातो.

यंत्र फिरवलं की बदलणारं

टेप एक मीटर दूर ओढा, मग जागीच ९० अंश फिरवा. हमिंगची पातळी बदलली तर ते चुंबकीय आहे आणि त्यावर औषध म्हणजे अंतर. पॉवर अँपचा ट्रान्सफॉर्मर हेडपासून दुप्पट दूर गेला की क्षेत्र साधारण आठव्या हिश्शावर येतं. रॅकमध्ये टेपच्या बरोबर खाली पॉवर अँप ठेवणं ही हौशी स्टुडिओतली नेहमीची चूक. हेडवरची म्यू-मेटलची (चुंबकीय क्षेत्र अडवणाऱ्या धातूची) टोपी सफाईच्या वेळी काढून ठेवली आणि विसरली, हेही होतं.

टर्नटेबलवर हीच चाचणी हाताने करा. मोटर चालू, सुई वर, टोनआर्म बाहेरून मध्याकडे न्या. आत जाताना हमिंग वाढत गेलं तर कार्ट्रिज मोटरचं क्षेत्र उचलतंय. ग्राउंडची बारीक वायर कितीही वेळा लावली तरी ते तसंच राहील. चांगल्या शील्डचं कार्ट्रिज लावा.

व्हॉल्व्हच्या यंत्रात ५० हर्ट्झचं आणखी एक घर: ६.३ व्होल्टचे हीटर. दोन्ही टोकांपासून ग्राउंडला १००-१०० ओहमचे रेझिस्टर आहेत का बघा. कित्येकदा एक जळून ओपन झालेला असतो. हीटरच्या वायरी घट्ट पिळलेल्या आणि पत्र्याच्या कोपऱ्याला चिकटून हव्यात. पहिल्या पायरीचा ईसीसी८३ किंवा ईएफ८६ बदलून बघा. हीटर आणि कॅथोडमध्ये गळती असलेला व्हॉल्व्ह बाकी सगळं उत्तम करतो, फक्त गुणगुणतो.

स्पीकर बंद असतानाही यंत्राच्या डब्यातूनच घूं येत असेल तर ट्रान्सफॉर्मरच्या पट्ट्या सैल आहेत. बोल्ट आवळा, खाली रबर टाका.

करकर

पंख्याचा गोल फिरणारा जुना इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर पूर्ण फिरवला की करकर गेली तर दोषी सापडला. टप्प्यांचा कपॅसिटरवाला रेग्युलेटर बसवा. लोडशेडिंगमध्येच येणारी करकर स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरची. त्यावर जुना टेप चालवूच नका, मोटरही तापते. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर घेतल्यावर आवाज गेला तर चार्जर. बारीक शिट्टी असेल आणि शिखर बरोबर १ किंवा ८ किलोहर्ट्झवर असेल तर ती यूएसबीची. इंटरफेस दुसऱ्या पोर्टला लावा, वेगळा पॉवर द्या, आणि त्याच्या आउटपुटला लाइन ट्रान्सफॉर्मर.

टेपवरच असलेलं हमिंग

सगळं करून रिकामी टेप स्वच्छ वाजते, पण जुनं रेकॉर्डिंग लावलं की घूं. आता यंत्राची चूक नाही. शिखर ६० किंवा १२० वर असेल तर ते रेकॉर्डिंग बहुधा अमेरिकेसारख्या ६० हर्ट्झच्या देशातून आलंय. शिखर ५१.५ वर असेल तर तुमचा टेप तीन टक्के जलद चालत असू शकतो. ‘असू शकतो’ एवढ्यासाठी की जुन्या काळी आपल्या ग्रिडची वारंवारता ५० वर घट्ट बांधलेली नसायची. तेव्हा नुसत्या हमिंगवरून पट्टी ठरवू नका, आधी टेस्ट टेपने यंत्राचा वेग तपासा. काही जपानी यंत्रांना ५०-६० हर्ट्झ बदलण्याची सोय असते. ती ६० वर राहिली तर गाणं सतरा टक्के संथ आणि दीड-दोन पट्ट्या नव्हे, पूर्ण तीन पट्ट्यांनी (काळ्या-पांढऱ्या दोन्ही धरून) खाली येतं.

अशा हमिंगवर सॉफ्टवेअरचा नॉच फिल्टर (एकच वारंवारता कापणारा) लावताना गाण्याची पट्टी आधी विचारा. बाईंची पट्टी पांढरी पाच असेल तर तानपुऱ्याच्या खर्जाची तार ९८ हर्ट्झवर बोलते, हमिंग १०० वर, आणि दोघांत सेकंदाला दोन हेलकावे ऐकू येतात. १०० वर नॉच लावला आणि क्यू (जितका मोठा तितका काप अरुंद) ३० ठेवला तरी ९८ वर सव्वादोन डेसिबल कापले जातात. खर्ज पोकळ होतो. क्यू १०० च्या पुढे न्या, आणि १०० चं शिखर टेपच्या वेगाबरोबर सरकत असेल तर पाच-पाच मिनिटांचे तुकडे करून प्रत्येकाचं शिखर वेगळं मोजा.